कोयनेचा पिवळा टोड: प्राणी एक, नावं चार. खरं कुठलं?

सडेफटिंग

कोयनेच्या पिवळ्या टोडचे फोटो एकदाचे लावून ठेवायचं काम काढलंय आणि पहिल्याच फोल्डरला नाव काय द्यायचं इथे गाडी अडली आहे. माझ्याकडच्या पुस्तकांत, पीडीएफांत आणि याद्यांत या एकाच प्राण्याची ही नावं सापडली:

बुफो कोयनायेन्सिस
बुफो कोयनाएन्सिस (मधला 'वाय' गायब)
बुफो सल्फ्युरियस
झँथोफ्राइन कोयनायेन्सिस

वर एका यादीत इंग्रजी नाव 'हुंबाली व्हिलेज टोड' असं दिलंय. ही हुंबाली म्हणजे कोयनानगरच्या डोक्यावरची आपली हुंबरळीच असणार.

तर प्रश्न असे. स्पेलिंग कुठलं धरायचं? सल्फ्युरियस ही वेगळी जात होती का, आणि होती तर गेली कुठे? आणि मुख्य प्रश्न: मित्राने कोल्हापूरच्या बाजूच्या एका सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर) काढलेला फोटो माझ्याकडे आहे. कुशीवरचा पिवळा रंग ठिगळासारखा आहे की पट्ट्यापट्ट्यांचा, हे धड ठरत नाही. त्याला कोयनेचा म्हणू की आंबोलीचा? आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर तिघांनी तीन मतं दिली आहेत आणि तिघेही ठाम आहेत.

"बेडूक तो बेडूक, नावाचं काय घेऊन बसलास" हे उत्तर नको. ते घरी फुकट मिळतं.

निसर्गखुळी

शेवटच्या ओळीला +१. आमच्याकडे त्यात "आणि चपला बाहेर काढ" एवढी भर असते.

आंबोलीवाल्याचं नाव मला माहीत आहे, झँथोफ्राइन टायगरिना. वाघासारखे पिवळे पट्टे म्हणून टायगरिना. बाकीचं वाचायला बसले आहे.

जुनाजाणता

सडेफटिंग, चांगला धागा काढलास. जमेल तसं लिहितो.

आधी सल्फ्युरियस, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. १९६३ साली सोमण यांनी मुंबईतल्या एका जीवशास्त्राच्या नियतकालिकात कोयना परिसरातल्या या टोडचं वर्णन करून त्याला बुफो कोयनायेन्सिस नाव दिलं. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, ग्रँडिसन आणि डॅनियल या दोघांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये एका टोडचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं बुफो सल्फ्युरियस, गंधकासारखा पिवळा म्हणून. अ‍ॅलिस ग्रँडिसन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या, जे. सी. डॅनियल आपल्या बीएनएचएसचे. नमुने पुन्हा कोयनेचेच. म्हणजे कोयना धरण उभं राहत होतं त्याच काळात त्याच डोंगरातल्या एकाच प्राण्याची दोन बारशी झाली, तीही वर्षाच्या अंतराने.

प्राणिशास्त्रीय नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत याचं उत्तर सरळ आहे. एकाच जातीला दोन नावं पडली तर आधीचं चालतं. १९६३ हे १९६४ च्या आधी. त्यामुळे कोयनायेन्सिस वैध आणि सल्फ्युरियस त्याचं कनिष्ठ समानार्थी नाव. कुणाचं वर्णन जास्त चांगलं, कुणाची संस्था मोठी, कुणाचं जर्नल जास्त वाचलं जातं, याला संहितेत काडीची किंमत नाही. मला तर ही तिची सर्वांत लोकशाहीवादी बाजू वाटते.

आता 'बुफो'चं 'झँथोफ्राइन' कसं झालं. पूर्वी जगभरचे बहुतेक टोड बुफो या एकाच प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये, जवळच्या जातींच्या गटात) कोंबलेले होते. २००६ मध्ये फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी उभयचरांची मोठी वंशावळ मांडली तेव्हा ते गाठोडं सुटलं. आपल्या अंगणात येणारा खडबडीत टोड तेव्हापासून दत्ताफ्रायनस झाला, ओडिशाचे बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्या नावावरून. मग २००९ मध्ये बिजू, व्हॅन बोक्सलेअर, वरद गिरी, लोडर आणि बोसुइट यांनी झँथोफ्राइन ही नवी प्रजाती केली, कोयनेवाल्याला तिच्यात घातलं आणि आंबोलीचा टायगरिना नवी जात म्हणून वर्णिला.

हे यादीत दिसतं कसं तेही बघून ठेव. 'झँथोफ्राइन कोयनायेन्सिस (सोमण, १९६३)' असं कंसात लिहितात. कंस म्हणजे सोमणांनी हा प्राणी दुसऱ्या प्रजातीत वर्णिला होता, नंतर हलवला. टायगरिनाच्या पुढे २००९ च्या लेखकांची नावं बिनकंसाची येतात. कित्येक याद्यांत हे कंस कुणीतरी 'नीटनेटकं' करायला म्हणून काढून टाकतं आणि माझा रक्तदाब वाढतो.

कातळवेडा

काका, सुंदर. वाचनखूण साठवली.

पण 'वाय'चं काय? कोयना + एन्सिस = कोयनाएन्सिस. नदीच्या नावात मुळात 'वाय' आहेच, एन्सिसच्या आधी आणखी एक कशाला? ही सरळ छपाईची चूक असणार. दुरुस्त करून टाकावी.

मृण्मयी_के

कातळवेडा, तिथेच खरी गंमत आहे. तुम्हाआम्हाला दुरुस्त करता येत नाही.

संहितेचं ३२वं कलम या मूळ स्पेलिंगबद्दल आहे. मूळ लेखात जे छापलं ते बरोबर, असं धरून चालायचं. बदल करायचा तर ती अनवधानाने झालेली चूक आहे याचा स्पष्ट पुरावा त्याच लेखात मिळायला हवा. म्हणजे समजा लेखकाने 'अमक्यांच्या सन्मानार्थ' असं लिहिलं आणि जातीच्या नावात त्यांच्या आडनावातलं एक अक्षर खाल्लं, तर तो पुरावा झाला. पण चुकीचं लॅटिनीकरण, चुकीचं लिप्यंतर किंवा विचित्र जोडस्वर यांना 'अनवधान' म्हणायचं नाही, असं कलमातच लिहून ठेवलंय. लेखकाला लॅटिन येत नव्हतं हा पुरावा धरला जात नाही. त्यामुळे सोमणांनी 'वाय' घातला तो राहिला.

दुसरी वाटही आहे, ३३व्या कलमातली. नंतरच्या लोकांनी चुकीचं स्पेलिंग इतकं सरसकट वापरलं की तेच रूढ झालं, आणि ते मूळ लेखकाच्याच नावावर मांडलं गेलं, तर तेच बरोबर मानता येतं. इथे तसं झालेलं नाही. २००९ च्या लेखात 'वाय'सकटच नाव आहे.

फोल्डरचं नाव: झँथोफ्राइन कोयनायेन्सिस. पहिला प्रश्न निकाली.

रोखठोक_नाना

निकाली कसला, कोर्टकचेरी आहे ही. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी बेडूक बाटलीत घातला, त्यावर चार पानं लिहिली, आणि आज २०-२० मेगापिक्सेलचे फोटो, आवाजाची रेकॉर्डिंग, डीएनए हाताशी असताना आपण 'मूळ लेखात काय छापलं' ते उगाळत बसलोय. जुनं सगळं मोडीत काढा आणि नव्याने नावं द्या. होऊ दे एकदाचं स्वच्छ.

जुनाजाणता

नाना, नव्याने द्या म्हणजे कुणी द्यायची? तुम्ही दिलीत तर उद्या तुमचीही कुणी मोडीत काढेल.

बाटलीबद्दल तुमचा गैरसमज होतोय. नाव त्या चार पानांच्या वर्णनाला बांधलेलं नसतं, बाटलीतल्या त्या एका प्राण्याला बांधलेलं असतं. त्यालाच टाईप म्हणतात. लेखकाने एकच नमुना नेमला असेल तर तो होलोटाईप. वर्णन अपुरं असू शकतं, चुकीचंही असू शकतं, पण नमुना परत उघडून बघता येतो. गावाकडे मोजणीचा दगड असतो ना, तसं समजा. कुंपण इकडेतिकडे सरकतं, वाटण्या होतात, दगड जागचा हलवायचा नसतो. जातीची व्याप्ती शास्त्रज्ञ दर पिढीत बदलतात, तो त्यांचा अधिकार आहे. नाव मात्र टाईप ज्या बाजूला पडेल त्या बाजूला जातं.

म्हणून तर सल्फ्युरियस 'गेला' असं मी म्हणालो नाही. समानार्थी ठरलेलं नाव मरत नाही, नुसतं पडून राहतं. उद्या कुणी दाखवून दिलं की कोयनेच्या डोंगरात एकमेकांसारखे दिसणारे दोन वेगळे पिवळे टोड आहेत, आणि सोमणांचा टाईप एका जातीचा, ग्रँडिसन-डॅनियलांचा दुसऱ्या जातीचा, तर दुसऱ्या जातीला नवं नाव देता येणार नाही. सल्फ्युरियस उठून उभा राहील. १९६४ च्या तारखेसकट.

रोखठोक_नाना

'उठून उभा राहील' हे पुस्तकात. प्रत्यक्षात असं कधी झालंय?

बर्लिनकर

झालंय. आणि तो पुरावा माझ्या घरापासून ट्रामने जाण्याच्या अंतरावर आहे. :)

योहान गॉटलोब श्नायडर नावाचा एक जर्मन गृहस्थ होता. मूळचा ग्रीक भाषेचा पंडित. १७९९ मध्ये त्याने उभयचर-सरीसृपांवर लॅटिनमध्ये ग्रंथ काढला आणि त्यात दोन टोडना नावं दिली: बुफो मेलानोस्टिक्टस आणि बुफो स्केबर. नमुने होते मार्कुस ब्लॉख या बर्लिनच्या डॉक्टरच्या संग्रहातले. हा ब्लॉख माशांसाठी प्रसिद्ध. तामिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतला मिशनरी जॉन त्याला मासे पाठवायचा. जॉनियस ही माशांची प्रजाती त्याच्याच नावाची. ब्लॉखचा संग्रह पुढे बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात (जिवंत नव्हे, बाटल्यांतल्या) आला.

मेलानोस्टिक्टस म्हणजे तुमच्याआमच्या मोरीत येणारा टोड, ते नाव चालत राहिलं. स्केबर मात्र लोकांनी नीट ओळखलाच नाही. १८६३ मध्ये पीटर्सने बर्लिनमध्ये श्नायडरचे मूळ नमुने काढून त्यावर निबंध वाचला. तरी १८९२ मध्ये लंडनच्या बूलेंजरने त्रावणकोरच्या एका लहान टोडला नवीन जात म्हणून बुफो फर्गुसोनाय नाव दिलं, त्रिवेंद्रमच्या संग्रहालयाच्या फर्ग्युसनवरून. तो लेख छापला कुठे? मुंबईत, बीएनएचएसच्या जर्नलमध्ये. मग शंभरेक वर्षं सगळे त्याला फर्ग्युसनचा टोड म्हणत होते. भारतात म्हणत होते, श्रीलंकेतही म्हणत होते.

१९९९ मध्ये पॅरिसचे दुब्वा आणि ओलर यांनी आशियाई टोडांच्या नावांची छाननी केली, मूळ टाईप पुन्हा तपासून त्यांचं नव्याने वर्णन केलं. निघालं काय, तर श्नायडरचा स्केबर म्हणजेच बूलेंजरचा फर्गुसोनाय. १७९९ आधी, १८९२ नंतर. पडून राहिलेलं नाव बरोबर दोनशे वर्षांनी उठलं आणि फर्ग्युसन पडला. आज तो दत्ताफ्रायनस स्केबर आहे.

निसर्गखुळी

दोनशे वर्षांनी! आणि ती बाटली त्या सगळ्या काळात तिथेच? दुसऱ्या महायुद्धात बर्लिनचं काय झालं ते आपण वाचलंय.

बर्लिनकर

म्युझियमच्या पूर्वेकडच्या भागावर बॉम्ब पडला होता. तो भाग कित्येक दशकं पडका होता. २०१० मध्ये तो पुन्हा बांधून तिथेच अल्कोहोलमधल्या नमुन्यांचा संग्रह ठेवलाय. पावणेतीन लाखांच्या आसपास बरण्या, काचेच्या भिंतीआड, बाहेरून बघता येतात. श्नायडरचे टोड कुठल्या फळीवर ते अर्थात बाहेरून कळत नाही. तुमच्यासमोर येतात ते बहुतेक मासेच.

कातळवेडा

हे जबरदस्त आहे, पण एक आक्षेप. शंभर वर्षं रुळलेलं नाव एका बाटलीपायी उडवायचं हे मला पटत नाही. श्रीलंकेची, दक्षिण भारताची सगळी पुस्तकं, सगळ्या नोंदी फर्ग्युसनच्या नावावर. अशा वेळी जुन्याला झोपू द्यायची काही सोय नाही का?

मृण्मयी_के

सोय आहे, पण दार फार अरुंद आहे. २३व्या कलमाच्या नवव्या पोटकलमात दोन अटी आहेत. पहिली, ज्येष्ठ नाव १८९९ नंतर कुणीही वैध म्हणून वापरलेलं नसावं. दुसरी, कनिष्ठ नाव गेल्या ५० वर्षांत किमान १० लेखकांच्या किमान २५ लेखांत वापरलेलं असावं, आणि ते लेख किमान १० वर्षांच्या कालावधीत पसरलेले असावेत. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर कनिष्ठ नाव राखता येतं.

पण तारखा बघ. ही तरतूद असलेली संहितेची चौथी आवृत्ती लागू झाली १ जानेवारी २००० ला. दुब्वा-ओलर यांचा लेख १९९९ चा. त्यात त्यांनी स्केबर वैध म्हणून वापरला, म्हणजे '१८९९ नंतर कुणीही वापरलेलं नसावं' ही पहिलीच अट तिथे मोडली. दार उघडायच्या आधीच त्याला कुलूप लागलं.

मग उरतो एकच मार्ग, संहिता सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अर्ज करून विशेष अधिकार वापरायला लावणं. एवढ्याशा टोडसाठी कोण करतो?

माझं मत विचारशील तर बरंच झालं. 'रुळलेलं' हे फार सैल मोजमाप आहे. ज्याच्याकडे छापखाना त्याचं नाव रुळतं.

आबा_पाटणकर

मी पाटण तालुक्यातला. बाटल्या आणि कलमं मला कळत नाहीत, पण ही सगळी बाटली असल्यामुळे चाललेली गोष्ट. बाटली फुटली, हरवली, अल्कोहोल उडून गेलं तर? आपल्याकडच्या सरकारी कपाटांची दशा मी पाहिलेली आहे.

जुनाजाणता

आबा, नेमकं बोट ठेवलंत. त्याचंही उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे, आणि ते वाईट आहे.

सी. आर. नारायण राव हे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजचे प्राध्यापक. 'करंट सायन्स'चे पहिले संपादक. बेडकांवर इतकं काम की पुढे राओर्केस्टिस ही झाडबेडकांची अख्खी प्रजाती त्यांच्या नावाने झाली. १९३७ मध्ये त्यांनी दक्षिण भारतातल्या बेडकांच्या बऱ्याच नव्या जाती एका फटक्यात वर्णिल्या. त्यात एक टोडही होता, बुफो ब्रेव्हिरोस्ट्रिस, हासन जिल्ह्यातल्या केंपुहोळे जंगलातला. सगळे टाईप कॉलेजच्या संग्रहात. आणि तो संग्रह हरवला. म्हणजे नावं आहेत, वर्णनं आहेत, बाटल्या नाहीत. त्यातली कित्येक नावं नेमक्या कुठल्या बेडकाला लावायची यावर पश्चिम घाटात काम करणारे लोक अजून डोकं फोडतात.

अशा वेळी निओटाईप नेमता येतो, म्हणजे हरवलेल्याच्या जागी नवा नमुना. पण तो केवळ कपाट भरायला म्हणून नाही. नावाबद्दल खरोखर गोंधळ आहे आणि निओटाईपशिवाय तो सुटत नाही हे दाखवावं लागतं. मूळ टाईप शोधायला काय केलं ते लिहावं लागतं. नवा नमुना शक्यतो मूळ जागेच्या जितक्या जवळचा मिळेल तितका, मूळ वर्णनाशी जुळणारा, आणि तो मान्यताप्राप्त संस्थेत ठेवलेला असावा लागतो. एवढं करून उद्या मूळ बाटली एखाद्या माळ्यावर सापडली, तर निओटाईप पायउतार होतो आणि मूळ नमुना पुन्हा गादीवर बसतो.

रोखठोक_नाना

म्हणजे पुन्हा बाटली. नाजूक, अवघड ठिकाणी राहणाऱ्या, मोजक्याच उरलेल्या प्राण्याला नाव देण्यासाठी आधी मारायचा. फोटो चालत नाही का? पक्ष्यांत चालतो म्हणे.

मृण्मयी_के

नाना, यावर मात्र तुम्ही एकटे नाही, यावर शास्त्रज्ञांत भरपूर जुंपलेली आहे.

२००६ मध्ये रमण अत्रेय यांनी अरुणाचलातल्या ईगलनेस्टमधून बुगुन लिओसिचला हा नवा पक्षी वर्णिला. अत्रेय मुळात पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी पक्षी जाळ्यात धरला, मोजमाप घेतलं, फोटो काढले, गळालेली पिसं ठेवून घेतली आणि सोडून दिला. एवढ्या थोड्या पक्ष्यांतून एक मारायचा नाही, अशी भूमिका. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली एक माशी तर निव्वळ फोटोंवरून वर्णिली गेली, आणि तेव्हा भांडण पेटलं. शेवटी २०१७ मध्ये आयोगाने खुलासा काढला: नमुना जपून न ठेवता नाव देणं संहितेत बसतं, पण तसं का केलं ते सविस्तर सांगावं अशी शिफारस.

लक्षात घ्या, तेव्हाही टाईप हा फोटो नसतो. फोटोतला प्राणी टाईप असतो, तो आता हाती नाही इतकंच.

पण टोडच्या बाबतीत मला ते धोक्याचं वाटतं. पिसांतून डीएनए तरी मिळतो. टोडचं अर्धं वर्गीकरण कानामागच्या ग्रंथी, डोक्यावरचे कंगोरे, बोटांमधला पडदा, तळव्यावरच्या गाठी यांवर चालतं. श्नायडरने नुसतं चित्र काढून बेडूक सोडला असता तर १९९९ मध्ये कुणाला काय तपासता आलं असतं? आणि आपल्याकडे कायदाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३९व्या कलमाखाली, नवी जात सापडली तर तिचा नमुना नेमलेल्या संस्थेत जमा करावा लागतो.

बर्लिनकर

आणि जुन्या अल्कोहोलमधल्या नमुन्यांतून आता डीएनएचे तुकडे काढता येतात. पूर्वी ते जमत नव्हतं. नाना म्हणतात ते नवं तंत्र आणि ती जुनी बाटली एकमेकांच्या कामाची आहेत.

याची गरज लवकर पडेल ती आपल्या मोरीतल्या टोडसाठी. श्नायडरने मेलानोस्टिक्टसची जागा दिली आहे 'इंडिया ओरिएंटालिस'मधून. १७९९ मध्ये या शब्दात मद्रासपासून जावापर्यंत काहीही बसायचं. आता भारतापासून इंडोनेशियापर्यंतच्या या टोडांत जनुकीय शाखा खोलवर फुटलेल्या दिसतात. फाळणी झाली तर मेलानोस्टिक्टस हे नाव कुणाच्या वाट्याला, आणि पडून असलेल्या नावांपैकी कुठलं उठणार, हे बर्लिनच्या त्या नमुन्यावर अवलंबून. २०१४ मध्ये मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ हा टोड घुसलेला लक्षात आला. तिथल्या सापांना त्याचं विष सोसत नाही, म्हणून काळजी. तो भारतातून नव्हे, आग्नेय आशियातून गेला असं डीएनए सांगतं. तेव्हा 'भारतीय टोडने मादागास्कर धोक्यात आणलं' असे मथळे देणाऱ्यांनी जरा थांबावं.

सडेफटिंग

अरे वा, मी फोल्डरचं नाव विचारलं आणि इथे बर्लिन, बंगळूर, मादागास्कर फिरून झालं. सगळ्यांचे आभार.

माझा तिसरा प्रश्न मात्र तसाच आहे. कोल्हापूरच्या सड्यावरचा तो फोटो. आतापर्यंतचं वाचून मला असं वाटतंय: कोयनायेन्सिस हे नाव कोयनेला बांधलेलं, टायगरिना आंबोलीला. मधल्या जागेचा टोड या दोन टाईपांपैकी कुणाच्या जवळचा, हे फोटोवरून मी ठरवू शकत नाही. मग ज्या ठामपणे ते तिघे बोलतायत ते कशाच्या जोरावर?

जुनाजाणता

रंगाच्या जोरावर, आणि रंग पावसाळी टोडमध्ये फार फसवतो. नर-मादी, विणीचा काळ, ओला-कोरडा, सगळ्याने बदलतो.

तुला जे हवंय ते मूळ जागेवरच्या नमुन्यांशी तुलना करून मिळेल. टाईप ज्या जागेचा, त्याच जागेवरून नंतर मिळालेल्या नमुन्याला टोपोटाईप म्हणतात. त्याला नाव सांभाळण्याचा अधिकार नाही, पण कामाला फार येतो: कोयनेचे ताजे टोड, आंबोलीचे ताजे टोड आणि मधल्या सड्यांवरचे, असे तिन्हीकडचे डीएनए आणि आवाज शेजारी शेजारी ठेवायचे. हे परवान्याचं आणि संस्थेचं काम आहे. कोयना आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, राधानगरी अभयारण्य आहे. आपण हात लावायचा नाही.

तोवर नोंद 'झँथोफ्राइन' एवढ्यावर ठेव. प्रजातीपुरती नोंद ही कमी दर्जाची नोंद नसते. उलट २००९ च्या आधीच्या एखाद्या यादीत आंबोलीला 'कोयनायेन्सिस' लिहिलेलं असेल तर ती आज नुसती नाव बदलून वापरता येत नाही, मागे जाऊन फोटो किंवा नमुना बघावा लागतो. तुझी नोंद पुढच्या माणसाला तो ताप देणार नाही.

कातळवेडा

आवाजाचं मी करू शकतो. हे टोड कातळावरच्या उथळ डबक्यांत वितात, बुटाचा तळ भिजेल न भिजेल एवढंच पाणी असतं. पहिल्या पावसांनंतर रात्री बसलं तर रेकॉर्डिंग मिळतं. हात लावायची गरज नाही, फक्त टॉर्च सारखा तोंडावर मारू नये. आणि हो, डबक्यांतून चालू नका. अंडी दिसत नाहीत आणि मग फोटोच्या नादात सगळं तुडवलं जातं. आंबोलीला शनिवार-रविवारी काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आबा_पाटणकर

आमच्या बाजूला येणार असाल तर आधी वनखात्याची परवानगी काढा, मग मला सांगा. सड्यावर रात्री गवे असतात.

मृण्मयी_के

सडेफटिंग, आय-नॅचरलिस्टवर नोंद टाकताना जागा धूसर कर, नेमकी टाकू नकोस. हौशी गोळा करणाऱ्यांच्या हाती ती पडायला नको. आणि मित्राकडे त्याच टोडचे आणखी फोटो असतील तर मागून घे: दोन्ही कुशी सरळ बाजूने, डोकं वरून, डोळ्यामागची ग्रंथी दिसेल असं. सगळे बहुधा एकाच पोझचे निघतील, तरी विचार. तारीख आणि वेळ बदलू न देता मूळ फाईलच घे, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको.

सडेफटिंग

मागितले. त्याच्याकडे डाव्या कुशीचा अजून एक निघाला, उजवीचा नाही. दोन्ही मूळ फाइली उद्या चढवतो, 'झँथोफ्राइन' एवढ्याच नावाने, आणि शेरा लिहितो की जात ठरवलेली नाही. त्या तिघांपैकी एकाने आत्ताच खाली "हा नक्की सल्फ्युरियस" असं लिहिलंय. त्याला या धाग्याचा दुवा दिला आहे.